लाज कोणी बाळगावी?



धम्मदीक्षा घेऊन तुम्हाला कदाचित वर्षही झाले नसेल. देवघरातले टाक आणि तसबिरी उतरल्या. तिथे तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आला. मुले त्रिशरण-पंचशील तोंडपाठ म्हणू लागली. घरात सारे ठीक चालले आहे. पण एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी माणूस गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि तेवढ्याने त्याचे भागले नाही म्हणजे तुम्ही नेमके कोणापैकी असे विचारतो. त्या वेळी आपला आवाज खाली जातो. आपण खिडकीबाहेर बघू लागतो किंवा काहीतरी गुळमुळीत सांगून विषय बदलतो. चोरी केलेली नसते, कोणाचे बुडवलेले नसते, तरी मान खाली जाते.

ही लाज कुठून आली? ती आपली आहे की कोणी आपल्यावर लादलेली आहे? आणि धम्म स्वीकारल्यावर सगळीच लाज टाकून द्यायची, की त्यातली काही जपून ठेवायची? या प्रश्नांची उत्तरे शोधायला फार लांब जायला नको. ज्या महापुरुषाने आपल्याला हा मार्ग दाखविला, त्यांचे बालपण आपल्याच मुलखात, साताऱ्यात गेले. त्या आयुष्याकडे आज या एका अंगाने पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते, कबीरपंथी होते, आणि मुलांच्या शिक्षणाविषयी अत्यंत दक्ष होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगडजवळचे आंबडवे. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहून साताऱ्याला आले. साताऱ्यातच १८९६ साली आई भीमाबाई वारल्या. चौदा अपत्यांपैकी पाचच जगली होती आणि भीमराव त्यांतले सर्वांत धाकटे. त्यांना घरात भिवा म्हणत. आईविना पोरांना आत्या मीराबाईने सांभाळले. ती शरीराने अधू होती, पण मायेने मुळीच उणी नव्हती.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या पटावर चढले. इंग्रजी पहिलीचा वर्ग. ही शाळा पुढे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. आज त्या नोंदीचा आपण अभिमान धरतो. पण ज्या मुलाचे नाव तिथे लिहिले गेले, त्याचे शाळेतले दिवस कसे होते?

तो घरून आणलेल्या तरटावर, इतर मुलांपासून बाजूला बसे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तर त्याने नळ सोडायचा आणि भिवाने प्यायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. गावातला न्हावी त्याचे केस कापीत नसे, ते बहीण कापी. ज्या वयात मुलाला नुसते मूल म्हणून वाढायचे असते, त्या वयात त्याला रोज दाखवून दिले जात होते की तुझ्या अंगातच काहीतरी घाण आहे. लाज अशीच रुजवली जाते. मुलाला मारावे लागत नाही. वेगळे तरट पुरते.

याच शाळेत दोन माणसे निराळी निघाली, हेही सांगितले पाहिजे. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण मास्तर आपल्या डब्यातली भाकरी-भाजी भिवाला देत. दुसरे पेंडसे मास्तर. पावसात चिंब भिजून आलेल्या भिवाला त्यांनी आपल्या मुलाबरोबर घरी पाठवून गरम पाण्याने अंघोळ घालविली. बाबासाहेब या दोघांना आयुष्यभर विसरले नाहीत. मी स्वतः शिक्षक आहे. वर्गात उभा असताना मला कधी कधी वाटते की मास्तराच्या हातात एवढेच असते, मुलाच्या मनात लाज पेरायची की तिला आत शिरू द्यायचे नाही.

आता १९०१ सालची गोष्ट. ही बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती आपल्या विषयाचे मर्म आहे. त्या वर्षांत दुष्काळ होता. लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव खोदायचे काम काढले होते, आणि रामजी तिथे रोखपाल म्हणून गेले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरविले. नवे सदरे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, नवे जोडे आले, रेशीमकाठी धोतरे आली. सोबत थोरला भाऊ होता, भाचा होता. दहा मैलांवरच्या स्टेशनापर्यंत टांगा, तिथून आगगाडी, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मुले मसूर स्टेशनात उतरली. न्यायला कोणीच आले नव्हते. मुले येणार असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते.

स्टेशनमास्तर जवळ आला. एवढी नीटनेटकी मुले पाहून त्याने आपुलकीने विचारपूस केली, तुम्ही कोण म्हणून विचारले. दहाच्या आसपासचा भिवा. त्याने क्षणभरही विचार न करता सांगून टाकले की आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा एकदम बदलला. तो मागे सरला आणि आपल्या खोलीत निघून गेला. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण ही बातमी तिथवर पोचली होती. कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले.

दिवस मावळला. वाटेत गाडीवान जेवून आला. मुलांकडेही शिदोरी भरपूर होती, पण पाणी नव्हते. जे होते ते डबक्यातले, शेणामुताचे. पाण्यावाचून घास घशाखाली उतरेना. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी टोलनाक्यावर पोचली. तिथे पाणी मागायचे तर मुसलमान आहोत असे सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला होता. भिवाला उर्दू चांगले येत होते. त्याने नाकेदाराला तसे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. पोरे उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर वडिलांपाशी पोचली.

वाचकहो, या एका रात्रीकडे नीट पाहा. संध्याकाळी पाच वाजता एक मूल आपण कोण ते मोकळेपणाने सांगते. त्यात लपविण्यासारखे काही आहे हे त्याच्या गावीही नाही. मध्यरात्री तेच मूल आपली ओळख लपविते. मधल्या सहा-सात तासांत त्या मुलाने काय पाप केले होते? काहीच नाही. पाप स्टेशनमास्तरने केले, गाडीवानांनी केले, लेकरांना पाणी न देणाऱ्या त्या साऱ्या वाटेने केले. पण लाज मात्र त्या लेकराच्या वाट्याला आली. आपल्यावर लादलेली लाज ओळखायची खूण हीच. दोष एकाचा असतो आणि मान दुसऱ्याची खाली जाते.

मसूर आपल्या कराड तालुक्यात आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही त्या काळी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. म्हणजे ही वाट तुमच्या-माझ्या आजा-पणज्यांचीच वाट होय. त्यांनीही तेच डबके पाहिले असेल. त्यांच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या नाहीत, एवढाच फरक.

आता त्याच साताऱ्यातली दुसरी गोष्ट ऐका. वडिलांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवाचे मन घरातून उडाले. आपले पोट आपणच भरावे असे त्याने ठरविले. स्टेशनवर हमाली करून पाहिली. साताऱ्याच्या पोरांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळते असे त्याच्या कानावर आले होते. पण मुंबईचे भाडे कुठून आणायचे? आत्या शेजारी झोपत असे आणि तिच्या कमरेला बटवा खोचलेला असे. तो काढायचा असे भिवाने ठरविले. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री बटवा हाती आला. उघडून पाहतो तर आत अवघा अर्धा आणा.

ज्या आत्याने आईच्या जागी राहून सांभाळले, तिची सारी पुंजी अर्धा आणा, आणि तोही आपण चोरायला निघालो. ही हकिगत बाबासाहेबांनी पुढे स्वतः होऊन सांगितली, आणि आपला तो मार्ग लाजिरवाणा होता हेही सांगितले. त्या रात्रीनंतर त्यांनी मनाशी नवा निश्चय केला. अभ्यास करायचा, परीक्षा भराभर पास व्हायच्या, आणि आपल्या पायावर उभे राहायचे. पुढच्या साऱ्या पदव्यांचे मूळ त्या अर्ध्या आण्यात आहे असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा. शाळेतले तरट आणि आत्याचा बटवा. लाज दोन्हीकडे आहे. पहिली बाहेरून आली. ती दुसऱ्याने दिली, आणि तिच्यात भिवाचा काही दोष नव्हता. तिने त्याला ओळख लपवायला शिकविले. दुसरी आतून आली. तिथे कोणी बघत नव्हते, कोणी रागावले नव्हते, आत्याला तर जागही आली नव्हती. तरी मनाने मनाला दोष दिला. त्या लाजेने त्याला सरळ वाटेवर आणले.

तथागतांनी या दुसऱ्या लाजेला फार मोठे स्थान दिले आहे. पालीत तिला हिरी म्हणतात. हिरी म्हणजे वाईट कृत्य करताना स्वतःची स्वतःला वाटणारी लाज. तिच्या जोडीला ओत्तप्प येते, म्हणजे वाईट कृत्याच्या परिणामांची भीती आणि चार शहाणी माणसे काय म्हणतील याची जाण. हे दोन गुण जगाचे रक्षणकर्ते आहेत, अशी अंगुत्तर निकायात शिकवण आहे. ते नसते तर आई, मावशी, मामी, गुरुपत्नी अशी कोणतीच मर्यादा माणसांत उरली नसती, असे तिथे समजाविले आहे. जग राखायला आकाशातला देव लागत नाही. माणसाच्या मनातली ही लाज जागी असली म्हणजे पुरे.

मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. तोही पाण्याचाच दाखला आहे. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडेसे पाणी उरले होते. तथागतांनी ते राहुलाला दाखविले, मग सांडून टाकले, मग भांडे उपडे केले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण असेच थोडे, असेच सांडलेले, असेच उपडे झालेले आहे, असे त्यांनी त्या कोवळ्या मुलाला समजाविले. आणि आरशात चेहरा पाहावा तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहत जा, असे सांगितले. या साऱ्या उपदेशात जन्माचा उल्लेख कुठेही नाही. लाज वाटायची ती कर्माची. कुळाची, कामाची, फाटक्या कपड्याची लाज धम्मात कुठेच बसत नाही.

परंतु लादलेली लाज सहजी जात नाही, हेही बाबासाहेबांच्याच चरित्रात दिसते. १९०४ साली कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीत एका खोलीचा संसार होता. मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याकडून चार रुपये किंवा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. लेकीच्या दारी हात पसरणे म्हणजे आपल्याकडे केवढी नामुष्की. रामजींनी ती मानली नाही. मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९१२ साली मुलगा बी.ए. झाला, १९१३ साली वडील गेले, आणि त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेला गेला.

१९१७ साली कराराप्रमाणे ते नोकरीसाठी बडोद्याला आले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा विद्वान, पण कचेरीतले शिपाई त्याच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. राहायला कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी वसतिगृहात, तिथल्या रखवालदाराच्या संमतीने, पारशी नाव लावून ते राहिले. मसूरच्या वाटेवरचा तो टोलनाका पुन्हा समोर उभा राहिला होता. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होते. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मग बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहिले. पोरक्या मुलाला आठवावेत तसे त्यांना तिथे आई-वडील आठवले. आई जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहायचा मला अधिकार नाही.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिला. सांगलीला वसतिगृहात राहत होतो. आई दुष्काळात रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहत असे. एकदा ती कामावरून तशीच, धूळभरल्या लुगड्यानिशी, भाकरीचे गाठोडे घेऊन मला भेटायला आली. दारात माझे मित्र उभे होते. ही कोण असे त्यांतल्या एकाने विचारले. मी सांगितले की आमच्या गावाकडची बाई आहे. आईने ते ऐकले. ती काही बोलली नाही. गाठोडे माझ्या हातात दिले आणि एस.टी. गाठायची आहे म्हणून निघून गेली. त्यानंतर ती वसतिगृहावर कधी आली नाही.

बाबासाहेबांनी लपविले ते पाण्यासाठी आणि डोक्यावरच्या छपरासाठी. माझ्यावर कोणती काठी उगारली होती? जिच्या कष्टाची लाज वाटायला नको होती तिची मला लाज वाटली, आणि आईला नाकारण्याची लाज वाटायला हवी होती ती वाटली नाही. ती त्या रात्री वाटली आणि अजून वाटते. नोकरी लागल्यावर एकदा मी तिच्याजवळ ही चूक कबूल केली. आपल्याला ते तेव्हाच कळले होते, असे ती म्हणाली. मग त्या दिवशीची भाकरी मी खाल्ली होती का, एवढेच तिने विचारले.

तुमच्या घरी असे काही घडले नसेल तर तुम्ही भाग्यवान. पण मला वाटते, शिकलेल्या पहिल्या पिढीच्या पुष्कळ घरांत हे घडते. मुलगा शहरात जातो आणि बाप भेटायला आला की त्याला रात्रीच्या गाडीने परत पाठवतो. सून सासूला पाहुण्यांपुढे येऊ देत नाही. वस्तीतल्या मंडळींना घराचा पत्ता सांगितला जात नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जाहीरपणे दुःख व्यक्त केले ते उगीच नव्हे.

आता बाबासाहेब या लाजेतून कसे बाहेर पडले ते पाहा. त्यांनी ती एकट्याने, चोरून टाकली नाही. हजारोंना बरोबर घेऊन, भर दिवसा, सर्वांदेखत टाकली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला होता. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. पण प्रत्यक्षात तिथे जायची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यांच्यामागून हजारो जण प्याले. मसूरच्या वाटेवर ज्या मुलाला नाव बदलूनही घोटभर पाणी मिळाले नव्हते, तो मनुष्य आता स्वतःच्या नावानिशी पाणी पीत होता.

त्यावर गावातल्या सनातन्यांनी परतणाऱ्या लोकांना मारहाण केली, आणि मग शेण-गोमूत्र कालवलेले १०८ घडे ओतून तळे शुद्ध केले. सांगा, लाज कोणाची? जनावरे पाणी पितात तेव्हा तळे बाटत नाही आणि माणूस प्याला की बाटते, असे मानणाऱ्यांची की तहानलेल्यांची? हा प्रश्न महाडने साऱ्या देशापुढे उभा केला. कोर्टातला दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे हा गुन्हा ठरविला. ज्याच्यावर शिवाशिव लादली जात होती तो निर्दोष, आणि लादणारा गुन्हेगार. लाजेचे ओझे ज्याचे त्याच्या खांद्यावर परत गेले.

मात्र बाबासाहेबांनी दुसऱ्याला दोष देऊन आपल्या माणसांना मोकळे सोडले नाही. त्याच महाडला डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतीचे दहन झाल्यावर, त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. अस्पृश्यतेची ओळख सांगणारी नेसण्याची तऱ्हा सोडा, हातभर कथला-चांदीचे दागिने सोडा, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. आमच्या आज्यांनी त्याच परिषदेत लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. म्हणजे लादलेल्या लाजेच्या खुणा उतरवायच्या, आणि ज्या गोष्टींची खरोखर लाज वाटावी त्या घरातून काढायच्या. दोन्ही कामे एकदमच.

सार्वजनिक जीवनातही त्यांचे वागणे तसेच होते. १९५१ साली हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या कामासाठी खुर्ची घेतली ते काम होत नसेल तर त्या खुर्चीवर बसून राहणे त्यांना बरे वाटले नाही. आज वस्तीच्या नावाने निधी आणून तो वाटेतच जिरविणाऱ्यांनी, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब न देणाऱ्यांनी आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री मत विकणाऱ्यांनी हे आठवावे. निळा झेंडा खांद्यावर घेतला म्हणून हिरी-ओत्तप्पातून सुटका होत नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह दीक्षा झाली. मधली एकवीस वर्षे बाबासाहेबांनी धर्मांचा अभ्यास केला. नागपूरच्या त्या दिवसाचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे सांगितला आहे. आजच्या विषयापुरता मला तो असा दिसतो. जन्माची लाज तिथे कायमची उतरविली गेली आणि कर्माची लाज स्वीकारली गेली. बावीस प्रतिज्ञा नीट वाचा. जुने देव आणि जुनी विषमता सोडण्याच्या प्रतिज्ञा त्यांत आहेत, तशाच चोरी, खोटे बोलणे, व्यभिचार आणि दारू सोडण्याच्याही आहेत. पुष्कळ जण पहिल्या अर्ध्या म्हणतात आणि दुसऱ्या अर्ध्या विसरतात. बाबासाहेब त्यानंतर दोन महिनेही राहिले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ही दुसरी अर्धी बाजू पुरी करणे आपल्याकडेच राहिले आहे.

म्हणून नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना माझी काही विनंती आहे. मुलाला शाळेत कोणी जात विचारली तर आम्ही बौद्ध आहोत, हे त्याने मान वर करून सांगावे. हे त्याला घरी, जेवताना, सहज बोलता बोलता शिकवा. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला काढावा लागतो, त्यात जुन्या जातीचे नाव येते, म्हणून काहींना संकोच वाटतो. तो वाटायचे कारण नाही. अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्यांना १९९० च्या कायद्याने ते हक्क मिळाले आहेत. तो कागद आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची नोंद आहे, आपल्या कमीपणाची नव्हे. मी माझ्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी आता मोठ्याने वाचीत नाही. मुलांना एकेक करून बोलावतो. एके काळी ती यादी ऐकताना मीच बाकाखाली पाहत बसे.

आणि घरात मुलांना लाजवून शिस्त लावू नका. चार माणसांत त्याची अब्रू काढली की मूल सुधारत नाही, लपवायला शिकते. तथागतांनी राहुलाला एकांतात, भांडे दाखवून सांगितले. मुलीवर कोणी हात टाकला तर घराण्याची लाज जाईल म्हणून तिलाच गप्प बसवू नका. लाज हात टाकणाऱ्याची आहे, मुलीची नव्हे. मसूरच्या वाटेवरचा न्याय इथेही तोच. नवरा दारू पिऊन येत असेल तर शेजाऱ्यांपासून लपवीत बसू नका, विहारातल्या जाणत्या माणसांपुढे ते बोला.

रोज रात्री वंदना झाल्यावर दोन मिनिटे सगळ्यांनी मिळून शांत बसा. आज मला कशाची लाज वाटली, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. ती माझ्या चुकीची होती की दुसऱ्याने माझ्यावर टाकलेली होती? चुकीची असेल तर उद्या ती चूक दुरुस्त करा, आणि ज्याच्याशी चुकलात त्याला तसे सांगा. दुसऱ्याने टाकलेली असेल तर ती उंबऱ्याबाहेर ठेवा आणि निर्धास्त झोपा.

पुढच्या वेळी एस.टी.त कोणी विचारले तर साताऱ्याच्या त्या मुलाची आठवण करा. मध्यरात्री नाक्यावर उभा असलेला नव्हे, संध्याकाळी पाच वाजता मसूरच्या फलाटावर नव्या टोपीत उभा असलेला. त्याने जसे सरळ सांगितले, तसेच सरळ सांगा.

जय भीम.